मायचे सहा ते नऊ

माझ्या काकाजींना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाच्या मनात भलती आशा नको. वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात. मी झाले नाही. चाळीस-चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी शाळेची बाई, पण ती नजर मी आयुष्यात सगळ्यांत जास्त काकाजींवर खर्च केली. त्यांच्यावर तिचा कधी काही परिणाम झाला नाही, हा भाग वेगळा.

भांडण मोहाच्या झाडाचं होतं. आमचं गाव देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत. बाबूजी आणि काकाजी, दोघे सख्खे भाऊ, वेगळे निघाले तेव्हा धानाची शेती वाटली, बैल वाटले, घराच्या मधोमध भिंत घातली. मोहाचं झाड मात्र नेमकं दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उभं होतं. झाड काही चिरून वाटता येत नाही, म्हणून आजोबांनी पाळी लावून दिली. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा, आणि दिवेलागणीला पाळी बदलायची. बाबूजी वारले तरी पाळी चालूच राहिली. आमच्या बाजूने आता माय जायची.

मोहाला त्याची वेळ असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीन-चारपासून फुलं टपटप गळायला लागतात आणि ऊन चढलं की थांबतात. म्हणून आमच्याकडे मोह कुणी झोडत नाही. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची आणि पहाटे टोपली घेऊन हजर व्हायचं, एवढंच माणसाचं काम. माझी माय लग्न होऊन या घरात आली त्या वर्षापासून चारला उठत होती. गजर नाही, घड्याळ नाही. हंगाम संपला तरी उठायची, पावसाळ्यात उठायची, बाबूजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही उठली. उठून काही काम नसलं तर अंगणात नुसती बसून राहायची.

आमचं त्या फुलांवाचून काही अडत नव्हतं. धान पिकत होतं, माझी प्राथमिक शाळेत नोकरी होती. माय थोडी फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करायची, बाकीची वाळवून ठेवायची. पण पाळी म्हणजे पाळी.

आणि काकाजी पाळी चोरायचे. त्यांच्या दिवसाच्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ते आकडी घेऊन झाडावर चढायचे. आकडी म्हणजे टोकाला वाकडं लोखंड बांधलेला लांब बांबू. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पाळीत गळायची फुलं ते आदल्या संध्याकाळीच ओरबाडून पाडायचे. त्यातली निम्मी कच्ची निघायची आणि गुरांपुढे टाकावी लागायची. म्हणजे त्यांचा काही फायदा नव्हता, फक्त आमचं नुकसान. अशा माणसाला काय म्हणावं ते मला चांगलं ठाऊक आहे, पण मी शिक्षिका आहे, लिहिणार नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. गावात दोघातिघांकडे मोबाइल आले होते आणि बोलायला त्यांना पाण्याच्या टाकीवर चढावं लागत होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची, दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावात नोकरीला. शनिवारी घरी यायची, सोमवारी पहाटेच्या बसने परत. त्या शनिवारी संध्याकाळी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. माय झाडाकडे गेली होती, कारण काकाजी आकडी घेऊन जाताना तिने पाहिले होते. अर्ध्या तासाने काकाजींची बैलबंडी दारात आली. बंडीत माय होती. तिच्या डोक्याला काकाजींचा सदरा गुंडाळलेला होता आणि तो सगळा लाल झाला होता.

"आकडी हातातून सुटली बाई," काकाजी म्हणाले. "वहिनी खाली हायेत हे मले दिसलंच नाही."

ते रडत होते. उघडे अंग, छातीवर मायचं रक्त, आणि रडत होते. मला त्या रडण्याची जेवढी चीड आली तेवढी रक्ताची आली नाही. कारण बंडीमागून बाजूच्या शेतातल्या दोन बाया आल्या होत्या आणि माय झाडाखाली उभी राहून काकाजींना शिव्या घालत होती हे दोघींनीही ऐकलं होतं. खाली उभं राहून कुणी खणखणीत शिव्या देत असेल तर ते माणूस खाली आहे हे कळायला डोळे कशाला लागतात? मी तिथेच, बंडीला धरून, ठरवलं की आकडी सुटली नाही, फेकली. त्यानंतर मी हे कधी पुन्हा तपासून पाहिलं नाही.

माय शुद्धीवर होती, पण तिला सारखी झोप येत होती. जीपने गोंदियाला नेताना शेजारची एक म्हातारी बरोबर बसली आणि वाटभर मायच्या गालावर चापट्या मारत राहिली. "डोक्याला लागलेल्याले झोपू देऊ नाही, झोपला का गेला," एवढंच ती म्हणत होती. तिचा हात दुखायला लागला तेव्हा तिचं काम मी घेतलं. हे गावोगाव मानतात, आणि मीही शाळेत पोरांना विज्ञान शिकवत असून तेच मानत होते.

दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. कवटीला बारीक चीर होती, आत थोडा रक्तस्राव झाला होता, पण ऑपरेशनची गरज नव्हती. मेंदूचे डॉक्टर दर आठवड्याला नागपूरहून येत. साठीचे, ठेंगणे, सगळ्यांशी हिंदीतच बोलणारे. मी त्यांना विचारलं की हिला जागं कसं ठेवायचं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"जगाना क्यों है?" ते म्हणाले. "पहली रात हम बीच-बीच में उठा के देख लिए, वो हमारा काम था. अब इनका दिमाग मरम्मत पर है. दुकान का शटर आधा गिरा है, उसे ज़बरदस्ती मत उठाओ."

मग त्यांनी मला नीट समजावलं. मार लागलेला मेंदू स्वतःच स्वतःला आवरून घेतो. झोप मागतो, गोंगाट नको म्हणतो, झगझगीत उजेड नको म्हणतो. घरच्यांना ती सुस्ती वाटते, पण ती राखण असते. त्याला झोपेची वेळ आणि जागं होण्याची वेळ रोज तीच लागते. सकाळी कोवळं ऊन, रात्री अंधार, जेवण ठरल्या वेळी, आणि एका वेळी एकच काम. बाकी तो स्वतः बघून घेतो.

चौथ्या दिवशी पहाटे चारला माय दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसली आणि हाताने खाटेखाली टोपली शोधू लागली. नर्स घाबरून मला उठवायला आली. पुढच्या फेरीत डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. अंगातलं घड्याळ शाबूत आहे, म्हणाले, आता त्याच घड्याळाला धरून राहा. आणि तसंच निघालं. घरी आणल्यावर माय चारला उठायची, तासभर गुंगीत बसायची, आणि सहाच्या सुमारास तिच्या डोळ्यांत ओळख यायची. सहा ते नऊ ती माझी पहिली माय असायची. शेण कुठे टाकलं ते विचारायची, माझ्या केसांना तेल नाही म्हणून बोलायची, डाळीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करायची. नऊ वाजले की तिचं बोलणं अडखळायला लागायचं आणि दहाला ती झोपायची. मग उरलेला दिवस ती जागी असली तरी नसल्यासारखीच. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ह्या तीन तासांना जपा. ते वाढत जातील, पण त्यांच्या कलाने. दुखऱ्या जागी रोज बोट घातलं तर खपली धरत नाही, एवढं तुम्हाला सांगायला नको, असंही म्हणाले.

मी त्यांना आणखी एक विचारलं होतं. हिला तो दिवस कधी आठवेल?

"बहुधा कधीच नाही," असं त्यांच्या हिंदीचं तात्पर्य होतं. त्या वेळचं काही पुसलं गेलेलं नाही, ते मुळात लिहिलंच गेलेलं नाही. मार बसला त्या क्षणी आतला कारकून उठून गेला होता.

मला हे पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं म्हणा ना. पोलिसांत मी तक्रार दिली होती आणि तिथले जमादार म्हणाले होते की झाडावर काकाजी, झाडाखाली तुमची आई, तिसरा कुणी पाहणारा नाही. ऐकणाऱ्यांनी शिव्या ऐकल्या, फेकताना कुणी पाहिलं नाही. आईने स्वतः सांगितलं तर बयान घेतो. म्हणजे काकाजींना कोर्टात उभं करायचं तर वाट मायच्या डोक्यातूनच जाणार होती. आणि ते डोकं रोज तीन तास उघडत होतं.

मार्चच्या मध्याला आमच्या शाळा सकाळच्या होतात, म्हणजे घरून रोज ये-जा करूनही उपयोग नव्हता. मी नोकरीला गेले असते तर ते तीन तास मला मिळालेच नसते. म्हणून मी मोठी रजा टाकली. पोरगी आईसाठी घरी बसली म्हणून गावभर माझं कौतुक झालं. मुख्याध्यापकांनी इतर बायांना माझं उदाहरण दिलं म्हणे.

खरं काय होतं ते सांगते. सकाळी सहाला मी मायच्या खाटेसमोर स्टूल टाकून बसायची आणि प्रश्न विचारायला सुरुवात करायची. त्या दिवशी कोणता वार होता? तू कोणतं लुगडं नेसली होतीस? काकाजी कोणत्या फांदीवर होते? त्यांनी तुझ्याकडे पाहिलं की नाही? पाहिल्यावर काय केलं? उत्तर चुकलं की मी परत पहिल्यापासून विचारायची. वर्षानुवर्षं पोरांकडून पाढे मी असेच करून घेत आले आहे आणि माझ्या वर्गातलं पोरगं पाढ्यात कधी अडलेलं नाही.

"मले नाही आठवत बाई," माय म्हणायची.

"आठव."

"डोकं दुखून रायलं."

"थोडं दुखेल. आठव."

चहा मी उत्तरानंतर द्यायची. हे लिहिताना आत्ताही हात थांबतो, पण आता लिहिलंच आहे तर राहू दे. मायला पहाटेपासून चहाची तलफ असायची आणि मी कप झाकून तिच्या नजरेसमोर ठेवायची. मला वाटायचं, तलफेने डोकं चालेल. डोकं चाललंही, पण कसं चाललं ते त्या वेळी मी पाहिलं नाही. माय माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायला लागली. मी कुठे मान हलवते, कुठे भुवई चढवते. कोणत्या शब्दाला चहा मिळतो.

मी वही ठेवली होती. डावीकडे प्रश्न, उजवीकडे तिचं उत्तर, आणि खाली ती किती वाजता थकली ते. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानांवर नऊ, सव्वानऊ असं लिहिलेलं आहे. पुढे साडेआठ येतं. मग आठ. एके ठिकाणी पावणेआठ लिहून मी त्याखाली रेघ मारली आहे, आणि रेघ का मारली ते आता आठवत नाही. बहुतेक मला राग आला असावा की वेळ कमी पडतो आहे. मायचे तीन तास माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच अक्षरात, कमी होत होते. तिला उलट्या सुरू झाल्या. दुपारी झोपेत ती दात खायला लागली. एकदा तिने डाळीबद्दल काहीच म्हटलं नाही, आणि मला वाटलं, चला, आज डाळ जमली.

काकी रोज भिंतीपलीकडून ताक पाठवायची. ते मी गाईच्या आंबोणात ओतायची. आणखी एक व्हायचं. आमच्या पाळीच्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात मोहफुलांची भरलेली टोपली ठेवलेली असायची. आम्ही कुणी झाडाकडे जात नव्हतो, म्हणून काकाजी आमच्या दिवसाची फुलं वेचून आणून देत होते. स्वच्छ, एक काडी नाही, एक कच्चं फूल नाही. मी ती टोपली उचलून उकिरड्यावर रिकामी करायची, त्यांना दिसेल अशी, आणि रिकामी टोपली भिंतीवरून त्यांच्या अंगणात फेकायची. दोन दिवसांनी पुन्हा भरलेली टोपली. असा सगळा हंगाम गेला. माझी एवढी सूड घ्यायची हौस आणि वाट्याला आला उकिरडा.

साधारण वीस दिवसांनी, एका सकाळी, मी काही विचारायच्या आत माय म्हणाली, "त्यानं मह्याकडे पाहिलं आन् फेकून मारली."

मला इतका आनंद झाला की मी उठून तिला मिठी मारली आणि दोन कप चहा दिला. ते वाक्य माझं होतं. 'पाहिलं आणि फेकून मारली' हे मीच तिला प्रश्न म्हणून शंभरदा विचारलं होतं. वाक्य माझं आहे हे मला त्या मिठीतही माहीत होतं. तरी मी त्याच दिवशी जमादारांना निरोप पाठवला, आणि येताना सकाळी सातला या असं बजावलं.

जमादार आले. बरोबर गावचे पोलीस पाटील होते. काकाजींनाही बोलावलं होतं, ते ओसरीवर खांबाला टेकून बसले. मायला मी नवं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरले होते. ती त्या सकाळी खूप बरी होती, चेहऱ्यावर तरतरी होती. जमादार खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सावकाश, चांगल्या आवाजात म्हणाले, "सांगा मायजी, काय झालं होतं."

मायने सांगितलं. वार सांगितला, लुगड्याचा रंग सांगितला, फांदी सांगितली. "त्यानं मह्याकडे पाहिलं आन् फेकून मारली." एकही शब्द अडला नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होते, जसं वर्गातल्या पोराबरोबर म्हणते. ओसरीवर काकाजींची मान खाली गेली. तो क्षण मी किती दिवस मनात रंगवला होता. तो तेवढाच चांगला होता, खोटं कशाला सांगू.

जमादार लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "कोणत्या हातानं फेकली जी?"

माय थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने जमादारांकडे पाहिलं आणि अगदी ओशाळून म्हणाली, "एवढं हिनं शिकवलं नाही जी मले."

माय घाबरली होती, कारण तिला कळलं होतं की उत्तर चुकलं आहे. तिने झाकलेल्या कपाकडे पाहिलं. मग तिला वाटलं असावं की जे खरंच आठवतं ते सांगावं, निदान त्याला तरी चहा मिळेल. ती म्हणाली, "आकडीचं मले काहीच आठवत नाही. हे रोज मले पहाटे बसवते, आन् झोपू देत नाही, ते आठवते."

जमादारांनी वही मिटली. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, मायला नमस्कार केला आणि पोलीस पाटलाला घेऊन निघून गेले. काकाजी ओसरीवरून उठून आत आले, घडवंचीवरचा तो कप उचलून मायच्या हातात दिला आणि भिंतीपलीकडे गेले. चहा थंड झाला होता. माय तो एका दमात प्यायली.

त्यानंतर आठवड्याभरात मी रजा संपवून नोकरीवर रुजू झाले. मायला बघायला कुणी तरी हवं होतं आणि काकीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी तोंडाने हो म्हटलं नाही, पण किल्ली भिंतीवर ठेवून गेले. काकी जेवणखाण बघायची. सकाळी काकाजी येऊन बसायचे. मायला काही विचारायचे नाहीत. म्हैस किती देते, कालव्याला पाणी कधी सुटणार, नवेगाव बांधची मासोळी यंदा बाजारात दिसत नाही, असलं काहीबाही बोलायचे. माय कंटाळली की उठून जायचे. हे मला काकीने सांगितलं, कारण मी असताना ते कधी आले नाहीत.

मायचे तास परत वाढले. पावसाळ्यात पुन्हा नऊ झाले. दिवाळीला दहा. पुढच्या वर्षी ती जेवण होईपर्यंत जागी राहू लागली, आणि काकीच्या डाळीला नावं ठेवू लागली. पण मी शनिवारी घरी आले आणि रविवारी सकाळी तिच्या खोलीत गेले की ती झोपलेली असायची. पहिल्यांदा वाटलं, योगायोग असेल. मग मी नीट लक्ष ठेवलं. सहाला तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज यायचा, भांडं सरकवल्याचा आवाज यायचा, ती गुणगुणायचीसुद्धा. माझी पावलं दाराशी आली की सगळं बंद. आत जावं तर डोळे मिटलेले, श्वास संथ, हात पोटावर. मी हाक मारली तर उठायची नाही. दुपारी, जेव्हा तिचं डोकं मंद झालेलं असायचं, तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलायची.

मी मुद्दाम गोंदियाला जाऊन त्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी मला काय-काय घडलं ते सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं, चहाही सांगितला. ते काही वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले की घडलेली गोष्ट अशा पेशंटच्या लक्षात राहत नाही, पण भीती राहते. ती दुसऱ्या कप्प्यात असते. तुमच्या आईच्या मेंदूला कळलं आहे की सकाळी ही बाई आली की दुखतं. आता तो त्याचं काम करतो आहे.

मी विचारलं, मग काकाजींची भीती का नाही तिला? ते डॉक्टर माणूस शहाणे होते, त्यांनी उत्तर दिलं नाही. बसमधून परत येताना मीच उत्तर तयार केलं: त्या दिवसाचं काही लिहिलंच गेलं नाही, म्हणजे काकाजींची भीतीही लिहिली गेली नसणार, म्हणजे यातून काहीच सिद्ध होत नाही. हा मुद्दा बिनचूक आहे. मी तो आजवर स्वतःला अनेकदा सांगितला आहे.

माय त्यानंतर सहा-सात वर्षं होती. मी बदली करून घेऊन जवळच्या गावात आले, रोज घरी राहू लागले, तरी सकाळचं तसंच चाललं. मी चहा नेऊन तिच्या उशाशी ठेवायची, न झाकता, आणि काही न बोलता बाहेर यायची. मी शाळेला निघाल्यावर काकाजी यायचे. एकदा सुट्टीच्या दिवशी ते मी घरात असतानाच आले. त्यांना वाटलं असेल मी गेले. मी मायच्या खोलीतून नुकतीच बाहेर पडून दाराच्या बाजूला उभी होते. ते खाली बघत ओसरीवरून सरळ आत गेले आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. बसल्यावर त्यांची नजर दारातून माझ्यावर पडली. मायची पाठ माझ्याकडे होती. डोळे न उघडता ती हळूच म्हणाली, "गेली का ते?"

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला इतकी वर्षं वाचता आलेलं नाही, आणि मी नजरा वाचण्यात बरी आहे. माझ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "गेली. उठा वहिनी, चाय पिऊन घ्या."

खाट करकरली. माय उठून बसली होती. तिने कप घेतल्याचा आवाज आला, मग फुर्र करून एक घोट, मग तिचा तो पहिला, तरतरीत आवाज, की यंदा मोहाला फुलोरा कसा आहे. काकाजी सांगू लागले. माझ्या चपला ओसरीवर होत्या. मी त्या पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या, आणि अनवाणी अंगणातून बाहेर पडले.